स्वस्त मिळाले म्हणून घेतले, ही बचत नव्हे

माझे लिहिण्याचे टेबल मी वापरलेले विकत घेतले, त्याला ११ वर्षे झाली. घेण्यापूर्वी मी ते उलटे करून पाहिले, तेव्हा विकणाऱ्याला नवल वाटले होते. पण टेबलाची खरी अवस्था खालच्या बाजूलाच कळते, कारण तेथे पॉलिश मारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सांधे खाचा पाडून बसवले आहेत की नुसते खिळे ठोकले आहेत, पायांपाशी बारीक भोके आणि पिठासारखा भुसा आहे का, खण पूर्ण बाहेर काढल्यावर त्याचा तळ भरीव लाकडाचा निघतो की भुसा दाबून केलेल्या फळीचा, हे सगळे दोन मिनिटांत दिसते. भरीव लाकडाचा सांधा खिळखिळा झाला तर सरस लावून पुन्हा आवळता येतो. भुशाची फळी मात्र पाणी लागून एकदा फुगली की पूर्ववत होत नाही, आणि तिच्यातला स्क्रू निसटला की त्याच भोकात पुन्हा धड पकड घेत नाही. म्हणून तकलादू नव्या टेबलापेक्षा जुने भरीव टेबल घेण्यात मला कधीही कमीपणा वाटला नाही, आणि तो कोणालाही वाटू नये असे माझे ठाम मत आहे.

ही पारख मला एका चुकीने शिकवली. त्यापूर्वी मी केवळ किंमत पाहून एक वापरलेला फ्रिज घेतला होता. विकणाऱ्याने तो सुरू करून दाखवला, आत हात घातल्यावर गार लागले आणि मी पैसे मोजून मोकळा झालो. घरी आणल्यावर लक्षात आले की दाराच्या रबराने पकड सोडली आहे, त्यामुळे बाहेरची हवा सतत आत शिरते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. रबर बदलले, तोवर कॉम्प्रेसरनेही मान टाकली, आणि आठ महिन्यांत तो फ्रिज भंगारात गेला. आता मी कागदाचा कपटा दारात धरून दार मिटतो, आणि तो सहज ओढला गेला तर पुढची बोलणीच करत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मी हिशेबाची रीत बदलली: खरेदीची किंमत, दुरुस्ती आणि विजेचा खर्च यांची बेरीज करून तिला वापराच्या वर्षांनी भागायचे. या हिशेबात तो ‘स्वस्त’ फ्रिज नव्यापेक्षा महाग पडला आणि टेबल जवळजवळ फुकट पडले.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी जुन्या घेऊ नयेत. हेल्मेटच्या आतला फोम एका आघातात दबून निकामी होतो आणि बाहेरून त्याचा मागमूसही दिसत नाही. लहान मुलांची गाडीतली सीट, गादी आणि गॅसची नळी यांनाही मी हात लावत नाही. फोन घ्यायचाच असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर दिसणारा १५ आकडी क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा.

कपड्यांच्या बाबतीत मी सर्वांत आग्रही आहे. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज दिला जातो. असा कपडा केवळ एक शिवण उसवली म्हणून टाकून देणे मला सहन होत नाही. वापरलेला कपडा घेताना तो उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, किती आहे ते पाहावे. माया असेल तर तो सैल करता येतो, आणि नसेल तर अंगाला बसला तरच घ्यावा.

घरातल्या सवयींचेही असेच आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात ८६,४०० थेंब, म्हणजे साधारण २० लिटर पाणी वाया घालवतो, आणि अनेकदा त्याला एक वॉशर पुरतो. दिवसरात्र १० वॉट ओढत राहणारे एखादे उपकरण वर्षाला सुमारे ८७ युनिट खाते, मग ते कोणी वापरो अथवा न वापरो. बटण बंद करायला काहीच कष्ट पडत नाहीत, तरी ते राहून जाते, कारण हा खर्च डोळ्यांसमोर होत नाही.

खरेदीचा मोह आवरण्यासाठी आम्ही कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. हवीशी वाटणारी वस्तू त्यावर तारखेसह लिहायची आणि महिनाभराने ती ओळ पुन्हा वाचायची, एवढाच नियम आहे. बहुतेक ओळी आम्ही स्वतःच खोडतो, आणि जुन्या वस्तूंनाही हाच नियम लागू आहे, कारण नको असलेली वस्तू अर्ध्या किमतीत आणली तरी मोजलेली अर्धी किंमत वायाच जाते. सध्या त्या कागदावर एकच ओळ शिल्लक आहे: टेबलापाशी बसायला भरीव लाकडाची खुर्ची. मनासारखी मिळेपर्यंत आहे त्या खुर्चीच्या सैल पायाला सरस लावून तो सुतळीने आवळून ठेवला आहे.