पंचावन्न की पासष्ट?

मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला अचानक भूमिती येऊ लागते. टीव्ही मोजतात तिरका, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. भिंत आपण मोजतो आडवी. मधे पायथागोरसला घातल्याशिवाय दोघांचं जमत नाही. आमच्याकडे हे काम मुलीने अंगावर घेतलं. १६ला ९ असं प्रमाण धरून तिने भराभर आकडे मांडले आणि जाहीर केलं, की ६५ इंची टीव्ही रुंदीला १४४ सेंटिमीटर आणि उंचीला ८१ सेंटिमीटर भरेल. ५५ इंचीपेक्षा नुसता दहा इंचांनी मोठा वाटतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. “दहा इंचांत चाळीस टक्के!” हे ती अशा सुरात म्हणाली, की ५५ इंची घेणारे लोक मला एकदम दीनवाणे वाटायला लागले.

बायकोला आकड्यांतून आकार दिसत नाही. खरं तर मलाही दिसत नाही. तिने जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून बरोबर ६५ इंचांचा कागदी टीव्ही तयार केला आणि भिंतीवर डकवला. ही युक्ती खरोखर उत्तम आहे, कुणालाही सांगेन. फक्त घरात वाचनाची आवड असलेलं माणूस नसावं. बाबा त्या टीव्हीसमोर हात मागे बांधून जे उभे राहिले ते हलेचनात. बऱ्याच वेळाने वळून म्हणाले, “तिसऱ्या रांगेतली बातमी अर्ध्यात कापलीये. ती पूर्ण बसेल एवढा घ्या.”

आकार ठरतोय असं वाटलं की अंतराचा मुद्दा निघतो, आणि अंतराबरोबर आमचा मेव्हणा येतो. प्रत्येक कुटुंबात यंत्रांबद्दल सगळं कळणारा एक माणूस असतो आणि तो सहसा न बोलावता येतो. मेव्हण्याने सांगितलं, की धडधाकट डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढाच बारकावा ओळखता येतो. त्या हिशेबाने ६५ इंची फोर-के पडद्यावरचा एकेक ठिपका वेगळा दिसायला हवा असेल, तर माणसाने सव्वाचार फुटांच्या आत बसलं पाहिजे. साधा फुल एचडी असेल तर साडेआठ फूट चालतात. “तुमचा सोफा टीव्हीच्या भिंतीपासून किती लांब आहे?” आम्ही टेप लावली. दहा फूट.

“मग तुम्हाला फोर-के दिसणारच नाही, भाऊजी.”

फोर-केमध्ये आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीत जेमतेम २१ लाख. थोडक्यात, वरचे ६२ लाख ठिपके आम्ही केवळ दुरून नमस्कार करण्यासाठी विकत घेणार होतो. मी म्हटलं, मग फुल एचडीच घेऊ. तर या आकारात फुल एचडी आता फारसं कुणी बनवत नाही. न दिसणारे ठिपके घेणं सक्तीचं आहे. (जाता जाता: ७२० आणि १०८० हे आकडे पडद्याची उंची मोजून दिलेले होते. फोर-केच्या वेळी कंपन्यांनी गुपचूप मान वळवली, रुंदी मोजली, आणि ३८४०ला चार हजार म्हणून टाकलं. आम्ही शाळेत असं केलं असतं तर भोपळा मिळाला असता.)

त्याच्याही वर एट-के नावाचा प्रकार आहे. ३ कोटी ३१ लाख ठिपके. ते ६५ इंचांत मावतात, पण डोळ्यांत मावण्यासाठी दोन फुटांवर बसावं लागतं. लहानपणी आम्ही टीव्हीपासून दोन फुटांवर बसलो की आई दंडाला धरून मागे ओढायची. आता तेच अंतर शास्त्रशुद्ध म्हणून सांगतात. सोफा पुढे ओढून बघितला. स्वयंपाकघराचं दार उघडेना. सोफा परत मागे गेला आणि एट-के विषय संपला.

तसं ‘हाय डेफिनिशन’ म्हणजे किती, याचा निकाल आजवर कुणाला लावता आलेला नाही. १९३६च्या नोव्हेंबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हाही त्याला हाय डेफिनिशनच म्हणत. एक आठवडा टीव्हीचे आद्य संशोधक बेअर्ड यांची, चित्र २४० आडव्या ओळींत मांडणारी पद्धत, पुढचा आठवडा मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ओळींची, अशी पाळी लावलेली होती. १९३७च्या फेब्रुवारीत बेअर्ड यांची पद्धत बंद पडली. मधल्या त्या काही महिन्यांत तिकडे कुणी तरी गृहस्थ दुकानात पाकिटाला हात घालून उभा असणार आणि शेजारून त्याचा मेव्हणा म्हणत असणार, “थोडं थांबा, नवीन येतंय.”

‘थांबा’ म्हणायचा हक्क आमच्या मेव्हण्याने मात्र रक्त आटवून मिळवलाय. त्याने आधी प्लाझ्मा टीव्ही घेतला होता. चित्र खरोखरच सुरेख होतं, खोलीही छान उबदार राहायची. २०१४च्या सुमाराला बड्या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवणंच सोडलं. मग त्याने थ्री-डी घेतला. २०१०च्या आसपास थ्री-डीचा एवढा बोलबाला होता, की साध्या टीव्हीकडे बघणाऱ्यांची कीव केली जायची. २०१७ उजाडेपर्यंत उरलेल्यांनीही हात वर केले. त्याच्या चष्म्यांपैकी दोन अजून कपाटात आहेत. पाहुण्यांची लहान मुलं ते लावून घरभर फिरतात आणि भिंतींवर आपटतात, तेवढाच थ्री-डीचा अनुभव.

अखेर दुकानात गेलो.

दुकानात एका लांबलचक भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू असते. सरडा डोळे फिरवतो. रंगांची भुकटी सावकाश हवेत उधळते. रात्रीच्या शहरावरून विमान जातं. मग पुन्हा सरडा. एवढ्या टीव्हींवर मिळून एकही माणूस बोलत नाही, भांडत नाही, हवामानाचा अंदाज सांगत नाही. मी विचारलं, “यावर जरा बातम्या लावता का?” विक्रेता मुलगा दुखावला. “सर, बातम्यांत पॅनल दिसत नाही.”

पॅनल म्हणजे काय ते त्याने आम्हाला सांगितलं, आणि मला वाटतं त्याला ते सकाळीच कुणीतरी सांगितलेलं होतं. मेव्हण्याने त्यात दुरुस्त्या केल्या. दोघांच्या झटापटीतून मला समजलं ते असं: एलईडी टीव्ही हा मुळात एलसीडीच असतो, फक्त पडद्यामागचा उजेड एलईडीचा. क्यूएलईडी म्हणजे त्याच उजेडापुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर, त्याने रंग खुलतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यांचे शेकडो गट करून पाहिजे तिथे उजेड कमी-जास्त करता येतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि आपला आपण विझतो. म्हणजे ओएलईडी आणि क्यूएलईडी हे पूर्ण वेगळे प्राणी आहेत, आणि पाटीवर त्यांच्यात फरक फक्त एका शेपटीचा. हा योगायोग असेल असं मानण्याइतका मी आता भोळा राहिलेलो नाही.

विनोद सोडा, पण या वस्तूमागची बुद्धी थक्क करणारी आहे. निळ्या एलईडीबद्दल २०१४ साली तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, क्वांटम डॉटबद्दल २०२३ साली तिघांना रसायनशास्त्राचं. एका टीव्हीच्या मागे सहा नोबेलविजेते उभे, आणि पुढे बाबा विचारताहेत, “आवाज कुठून वाढवायचा?”

“आता सर, खरा काळा दाखवतो,” मुलगा म्हणाला. त्याने आम्हाला पडदे लावलेल्या एका खोलीत नेलं, दार ओढलं, कसलंसं बटण दाबलं. मिट्ट अंधार.

“काही दिसत नाहीये,” मी म्हणालो.

“तेच तर सर!”

मेव्हण्याने अंधारात माझा हात दाबला. त्याचा आवाज भरून आला होता. साध्या टीव्हीत काळा म्हणून जे दाखवतात तो करडा असतो, मागचा उजेड झिरपलेला; हा मात्र शंभर नंबरी काळा, कारण ठिपके चक्क बंद आहेत. म्हणजे टीव्ही जितका चांगला, तितका तो जास्त बंद. बंद टीव्ही आमच्या घरी आधीपासूनच होता. पण हे बोलायची ती जागा नव्हती.

मोहात पडलो, हे खरं. ओएलईडीचं चित्र बघून कुणीही पडेल. पण त्याचं एक दुखणं आहे. तेच चित्र त्याच जागी वर्षानुवर्षं तासन् तास राहिलं, तर तिथले ठिपके इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि डाग कायमचा बसू शकतो. वाहिनीचं बोधचिन्ह, खालची बातम्यांची पट्टी, असलं काही. साधारण घरात हे सहसा होत नाही, आणि नव्या टीव्हीत त्यावर उपायही असतात, असं मुलगा म्हणाला. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी बाबांकडे बघितलं. बाबा सकाळी दात घासायच्या आधी बातम्या लावतात आणि रात्री त्या बातम्यांनाच झोप येते तेव्हा बंद करतात. लाल पट्टी सतत खाली असते. वर्षभरात आमच्याकडे टीव्ही बंद असतानाही ब्रेकिंग न्यूज दिसली असती.

मग मुलगी आणि विक्रेता मुलगा हर्ट्झवर, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्यावर, बोलायला लागले. तिला १२० हर्ट्झ हवे होते, गेम खेळायला. रास्त मागणी आहे. पण पाट्यांवर कुठे २४०, कुठे त्याहून चढे आकडे होते, आणि त्यातले बरेचसे कंपनीने स्वतःच्या कल्पनेने काढलेले. पडदा आपला खाली मान घालून ६०च हर्ट्झचा. शिवाय सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचाच असतो. मधल्या रिकाम्या जागेत टीव्ही स्वतःच्या मनाने चौकटी रचून घालतो, त्यामुळे हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते आणि महागडा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८च्या डिसेंबरात टॉम क्रूझ यांनी दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी यांच्यासोबत व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं, की घरच्या टीव्हीतली ही सोय कृपा करून बंद करा. उडत्या विमानाला बाहेरून लटकणारा माणूस! तोही टीव्हीच्या मेनूला घाबरतो. आम्ही पामरांनी काय करावं?

एव्हाना आमच्या डोळ्यांसमोर फक्त सरडे फिरत होते. डावीकडचा सरडा जरा पिवळट, उजवीकडचा भडक, मधल्याच्या पाठीवरचे खवले मोजता येतील असे. बायको हळूच म्हणाली, “उजवीकडचा छान आहे, पण डावीकडचा वाईट कुठे आहे?” सगळी ग्यानबाची मेख तिथेच होती. दुकानात आपण टीव्ही बघतच नाही, दोन टीव्हींतला फरक बघतो. घरी नेल्यावर शेजारी दुसरा टीव्ही नसतो, त्यामुळे फरकही नसतो. उरतो तो एकच सरडा, आणि तो सुंदरच दिसतो. त्यातून दुकानातला लखलखाट तिथल्या दिव्यांशी टक्कर द्यायला मुद्दाम चढवलेला असतो. त्याच सेटिंगवर घरी रात्री सिनेमा लावला तर समोरच्या इमारतीतली माणसं उठून बसतील.

हे मी मेव्हण्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “मग दोन घ्या.”

शेवटी ६५ इंची मिनी एलईडी आला. का, ते विचारू नका. ओएलईडी बाबांच्या बातम्यांमुळे बाद, ५५ इंची मुलीच्या क्षेत्रफळामुळे बाद, आणि उरलेल्यांतला हा तेवढा पाच वाजायच्या आत घरी पोहोचवतो म्हणाले. आवाजाबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढला नव्हता. पडदा एवढा पातळ, की स्पीकरना पुढे तोंड करायला जागाच नाही. ते खाली जमिनीकडे बघून पुटपुटतात. मग साउंडबार आला. साउंडबारचा वेगळा रिमोट आला. नव्या रिमोटवर आकड्यांची बटणं नाहीत, माइकमध्ये बोलायचं असतं. बाबा त्याच्याशी ‘अहो’ लावून बोलतात आणि उत्तर आलं नाही की रागावतात.

पहिल्या रविवारी मेव्हणा तपासणीला आला. बाबांनी एक जुना कृष्णधवल सिनेमा लावला होता. त्या काळचं चित्र चौकोनी, त्यामुळे मधे सिनेमा आणि दोन्ही बाजूंना दोन जाड रिकाम्या पट्ट्या. ८३ लाखांपैकी चांगले २० लाख ठिपके सुट्टीवर. सगळे रंगून बघत होतो. मेव्हणा मात्र उठून पडद्यापाशी गेला, डोळे बारीक केले, दिवा बंद करून बघितलं, दिवा लावून बघितलं.

“भाऊजी, पट्ट्या नीट काळ्या नाहीत. कडेने उजेड झिरपतोय. ओएलईडीत असं झालं नसतं.”

“अरे, तू पट्ट्या बघ,” बाबा म्हणाले, “पण जरा बाजूला होऊन बघ. मला मधलं बघायचंय.”