ती पिवळी बादली

आज पहाटे घरी पोचले, इंदूरला, अंघोळ झाली, चहा झाला, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलेय. झोप झालेली नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काल फ्लाइट बदलायला एका मोठ्या विमानतळावर चार तास काढावे लागले. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाहीये. तिथल्या लेडीज वॉशरूममध्ये गेले तर चकचकीत बेसिनांची रांग, आणि शेवटचा सेन्सरवाला नळ धो धो चालू. समोर कोणी नाही. मी हात दाखवून बघितला, हात काढून बघितला, त्याचा तो काळा डोळा टिश्यूने पुसला, काही फरक नाही. मग लक्षात आलं की नळाच्या तोंडाला काहीतरी बांधलंय. कचऱ्याची काळी पिशवी, तिचा तळ फाडून, वर रबरबँड लावून, तिची लांब नळी केलेली, आणि ती नळी बेसिनवरून खाली सोडलेली फरशी पुसायच्या पिवळ्या बादलीत.

साफसफाईवाल्या मावशी आल्या. मी विचारलं, मावशी हा बंद होत नाही का? म्हणाल्या, "न्हाई ताई, चार दिस झालं. कंप्लेंट टाकलीया." भरलेली बादली ओढली, त्यातल्या पाण्याने फरशी पुसली, एक-दोन संडासं धुतली, दुसरी बादली लावली. तीही भरली. मग थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता काय करू सांगा. समदं धून झालं. झाड बी न्हाई एक घालायला, हायेत ती बी प्लास्टिकची." आणि ओतली बादली ड्रेनमध्ये.

मी घड्याळ लावलं. बादलीवर 12 लिटर लिहिलेलं, दोन मिनिटांत भरत होती. म्हणजे तासाला 360, दिवसाला 8,640, आणि चार दिवसांचे साडेचौतीस हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात पाच हजार लिटरच्या टँकरसाठी कॉलनीत कशी भांडणं होतात ते तुम्हाला सांगायला नको. असे जवळजवळ सात टँकर एका नळातून, आणि त्या तासाभरात माझ्यासमोर पन्नासेक बायका तरी हात धुऊन, केस नीट करून, ट्रॉली बॅग ओढत निघून गेल्या. एकीनेही वळून बघितलं नाही!! शिकल्यासवरलेल्या बायका. घरी आरओचं पाणी वाया जातं म्हणून बाईला बोलत असतील ह्याच.

माझे बाबा जलूदला, म्हणजे नर्मदेचं पाणी इंदूरसाठी उचलतात तिथे, पंपावर होते, जुन्या मित्रमंडळींना माहितीये. नर्मदा इंदूरला आली 1978 मध्ये, त्याआधी 1970 मध्ये त्यासाठी ह्या शहराने आंदोलन केलं होतं, आपल्यातल्या कितीतरी जणांचे काका-मामा त्यात होते. साधारण 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून, चारशे मीटरहून जास्त उंच ते पाणी उचलून आणतात. लाइट गेली की पंप ट्रिप व्हायचे आणि बाबा जेवणाच्या ताटावरून उठायचे. आमच्याकडे नळ उघडा टाकून कोणी खोलीबाहेर गेलं तर ते ओरडायचे नाहीत, स्वतः उठून नळ बंद करायचे आणि मग दिवसभर बोलायचे नाहीत. आजही आपल्याकडे एक दिवसाआड नळ येतात, हौज भरेपर्यंत माणूस घराबाहेर पडत नाही. म्हणून मला ती बादली बघवेना.

कोणी म्हणेल अख्ख्या शहराच्या मानाने विमानतळाला पाणी लागतं ते किती. बरोबर, कमीच लागतं. पण जेवढं लागतं त्यातलं कितीतरी संडासाच्या फ्लशला, एसीच्या कूलिंग टॉवरला आणि लॉनला लागतं, आणि ह्यातल्या एकालाही पिण्याचं पाणी लागत नाही. एसटीपीचं, म्हणजे सांडपाण्याच्या प्लँटमध्ये शुद्ध केलेलं पाणी चालतं. बरेच विमानतळ ते वापरतात, मान्य. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? जागा आहे, पैसा आहे, आपल्या तिकिटात फी लावून घेतातच की.

आणि वाया जाणं हा अर्धाच भाग झाला. मावशींनी ओतलेली बादली निदान स्वच्छ पाण्याची होती. एप्रनवर काय होतं बघा, म्हणजे जिथे विमानं उभी राहतात तिथे. तिथेच इंधन भरायचं, आणि विमानाचं इंधन म्हणजे मूळचं केरोसीनच. थेंब सांडतात, ऑइल गळतं, गाड्यांचं ग्रीस पडतं. रनवेवर विमान टेकतं तिथे टायरचं रबर चिकटून बसतं, ते जोराच्या पाण्याने खरवडून काढावं लागतं. पहिला दमदार पाऊस आला की हे सगळं धुऊन नाल्यात. मध्ये तेल वेगळं करायची टाकी असेल आणि ती वेळेवर साफ होत असेल तर ठीक. टाकी आहे पण भरून वाहतेय, असं असेल तर ती फक्त कागदावर दाखवायला आहे.

मला एकाने फोनवर ऐकवलं की ताई, विमानतळावर तळं करता येत नाही, पाणी दिसलं की पक्षी येतात आणि पक्षी आले की इंजिनात जातात. हो, बरोबर आहे, तळं नको. रनवेवर पाणी साचू देता येत नाही हेही खरं. म्हणून तर पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे करतात ना, पण त्या खड्ड्यात आधी तेल न काढता पाणी सोडलंत तर तुम्ही पाणी नाही, केरोसीन मुरवताय, आणि ते निघणार शेजारच्या बोरिंगमधून.

त्याहून भयंकर तो आग विझवायचा फेस. त्यातली पीएफएएस नावाची रसायनं वर्षानुवर्षं विघटन होऊन नाहीशी होतच नाहीत. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर विमानतळाच्या अग्निशमन सरावाचा फेस जमिनीत मुरला, 1990 च्या दशकात लक्षात आलं की आसपासच्या घरांच्या विहिरींचं पाणी बिघडलंय, आणि 2022 मध्ये तिथल्या माणसांच्या रक्तात ते सापडलं. तीस वर्षांनी! सराव नको म्हणत नाहीये मी, सराव हवाच, त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. पण ह्या रसायनांशिवायचे फेस आता मिळतात. आणि कुठलाही फेस असो, सरावाचं पाणी एका जागी धरून ठेवायला काय जातं?

थोडं शांत होते. दुसरा चहा केला.

चांगलंही होतं हो. कोचीचा विमानतळ 2015 पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालतो हे तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, पण त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या पॅनेलच्या ओळींमध्ये, खाली, भाजी लावलेली आहे, आणि पॅनेल धुतलेलं पाणी त्या भाजीला जातं. एवढं साधं. मावशी हेच म्हणत होत्या ना, झाड असतं तर घातलं असतं!

आणि तक्रारीने काय होतं म्हणणाऱ्यांना सांगते, 2016 मध्ये दिल्लीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने घरावर विमानातून घाण पडते म्हणून तक्रार केली आणि हरित लवादाने आदेश काढला, उतरताना विमानाने संडासाची टाकी रिकामी केली तर 50 हजार रुपये दंड. एका माणसाच्या तक्रारीवरून.

आपण इंदूरवाले 2017 पासून स्वच्छतेत पहिले, 2021 मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं शहर झालो, सिरपूर आणि यशवंत सागर हे आपले तलाव 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. ओला-सुका वेगळा केला नाही तर कचरागाडीवाला आपल्याला दारात बोलतो आणि आपण ऐकून घेतो. लहानपणी विमानतळाजवळच्या बिजासनच्या टेकडीवर उभं राहून आपण सगळ्यांनी विमानं बघितलीयत. आपल्या विमानतळाला तर अहिल्याबाईंचं नाव आहे, त्या बाईचं जिने काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट आणि विहिरी बांधल्या. म्हणून मला वाटतं हा विषय दुसऱ्या कोणी नाही, आपणच लावून धरायला हवा, आपला विमानतळ वाढतोय तेव्हाच विचारायला हवं की पाणी येतं कुठून आणि जातं कुठे.

काल मी काय केलं म्हणाल तर हेल्पडेस्कवर गेले. पोरगा नम्र होता, म्हणाला मॅडम नोट करतो. मी म्हटलं नोट नको, नंबर दे. दिला. वॉशरूममध्ये परत जाऊन मावशींना तो कागद दाखवला, त्यांना वाचता येत नव्हतं, मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी हसून मान हलवली आणि भरलेली बादली सरकवली.

पुढच्या शुक्रवारी त्याच विमानतळावरून माझं परत जाणं आहे. आधी त्या शेवटच्या नळापाशी जाणारे. पिशवी अजून बांधलेली असेल तर तक्रार नंबरासकट फोटो इथे टाकीन.