अक्षांश सतरा, तालुका रत्नागिरी

मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरले, तेव्हा आमच्याकडे विषयांची रीतसर वाटणी झाली. गणित आणि विज्ञान नवऱ्याने पहिल्याच दमात उचलले, मराठी आणि पाठांतर सासूबाईंनी कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतले, चित्रकलेला शिक्षकाची गरजच नाही असे मुक्ताने स्वतः जाहीर केले, आणि जगाचा भूगोल शेवटच्या पंगतीला उरलेल्या कारल्याच्या भाजीसारखा माझ्या पानात आला. (शाळेत का घालत नाही, या प्रश्नाचे उत्तर आम्ही लग्नकार्यांत, एस.टी.च्या थांब्यांवर आणि मासळीबाजारात इतक्यांदा दिले आहे की इथे पुन्हा देत नाही. पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते, एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. ज्यांचे होत नाही त्यांचे कशानेच होत नाही.)

भूगोल हसतखेळत शिकवावा, असे पुण्याच्या नणंदेचे मत पडले. हे मत ज्यांना भूगोल शिकवायचा नसतो त्यांचेच सहसा असते. तिने नुसते मत देऊन न थांबता एक पृथ्वीगोल, देशांच्या आकाराचे तुकडे जुळवायचा लाकडी नकाशा आणि राजधान्यांची पत्ते पद्धतीची कार्डे असे खोके पाठवून दिले. मुक्ताने तो नकाशा तासाभरात जुळवला आणि मला अभिमान वाटू लागला, तोवर तिने तो पुन्हा मोडून, सगळे तुकडे पालथे घालून, मागच्या कोऱ्या बाजूने आधीपेक्षा लवकर जुळवून दाखवला. तिला देश नव्हे, कंगोरे पाठ झाले होते. राजधान्या तिने आजीच्या देखरेखीखाली, तिन्हीसांजेला पाढ्यांच्या चालीवर घोकल्या. त्यामुळे ‘बुर्किना फासो’ म्हणताच ‘वागाडूगू’ हे उत्तर माजघरातूनसुद्धा ऐकू येऊ लागले. मात्र वागाडूगू कुठे आहे असे विचारल्यावर, “बुर्किना फासोनंतर आणि बुरुंडीच्या आधी,” असे तिने सांगितले, आणि कार्डांच्या क्रमाने पाहता ते बिनचूक होते.

खरी अडचण अशी होती की ज्या जगात आपले घर दिसत नाही, त्या जगाशी मुक्ताला काही घेणेदेणे नव्हते. पृथ्वीगोलावर तिने आधी आमचे गाव शोधले, मग रत्नागिरी शोधली, आणि जिथे कोकण असायला हवे तिथे ‘अरबी समुद्र’ या अक्षरांमधला शेवटचा ‘द्र’ चढून बसलेला पाहून तिने गोल भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. मग पडवीतून समुद्राकडे बोट दाखवून तिने विचारले, “आई, आपल्या अगदी समोर काय आहे?”

“अरबी समुद्र.”

“ते दिसतंय. त्याच्या पलीकडे?”

सासूबाईंनी दुबई असे सांगितले, कारण वाडीतली निम्मी मुले तिकडेच आहेत. नवऱ्याने लॅपटॉपमधून डोके वर न काढता आफ्रिका असे सांगितले. मी नकाशा आणायला आत गेले. वेळ काढण्याचा शिक्षकांचा हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. एवढ्यात शहाळी घ्यायला आलेले शेजारचे हसनचाचा, ज्यांची उमर मालवाहू जहाजांवर गेली, ते पायरीवरूनच म्हणाले, “नाकासमोर गेलीस तर सलाला लागेल. दुबई नाय, ती उजव्या अंगाला वर राहिली.”

नकाशाने चाचांची बाजू घेतली. रत्नागिरी सतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ओमानमधले सलालाही सतरावरच. मधे सुमारे दोन हजार किलोमीटर नुसते पाणी आहे, एखादे बेटसुद्धा आडवे येत नाही. म्हणजे आमच्या पडवीसमोरचे पहिले घर सलाल्यात आहे, हे मुक्ताला एकदम पटले. पुढचा शोध आणखी मोठा होता. वाळवंटी अरबस्तानाच्या या एका कोपऱ्यात जून ते सप्टेंबर आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा डोंगरांना घासून जातो, धुके आणि झिमझिम पाऊस येतो, डोंगर हिरवे होतात, आखातातली माणसे मुद्दाम तो पाऊस पाहायला तिथे जातात, आणि रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी आणि पपया विकायला असतात. हे सगळे मी उत्साहाने वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “नारळ, केळी, पपया आणि जूनमध्ये पाऊस. मग एवढं विमानाचं भाडं घालून जायचं कशाला?” तिथे लोबानाची झाडे आहेत आणि तो लोबान हजारो वर्षांपासून जहाजांतून जगभर गेला, हे सांगितल्यावर मात्र त्या जरा नरमल्या. येणाऱ्याजाणाऱ्याने लोबान आणायला हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

आता मुक्ताला सलाल्याच्याही समोर काय आहे ते हवे होते. तेव्हा असे ठरले की सतराव्या अक्षांशावरून पश्चिमेकडे निघायचे आणि पृथ्वीला वळसा घालून मागच्या दाराने घरी यायचे. या रेषेवर पृथ्वीचा घेर सुमारे ३८,३०० किलोमीटर भरतो, असे नवऱ्याने कोणी न विचारता काढून दिले. गणिताचा मास्तर स्वस्थ बसत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाची सवलत ठेवली, आणि एका अंशाला वहीचे एक पान असा मुक्ताने नियम केला. त्या नियमाचे परिणाम पुढे प्रशांत महासागरात भोगावे लागले.

लाल समुद्र ओलांडून सुदानात शिरलो तर मेरोएचे पिरॅमिड लागले. सुदानात पिरॅमिडांची संख्या इजिप्तपेक्षा जास्त आहे, हे समजल्यावर इजिप्तची फुकट जाहिरात केल्याबद्दल मला बोलणी बसली. पुढे सहारा सुरू झाला आणि मग टिंबक्टू आले. टिंबक्टू खरोखर आहे, ते माली देशात नायजर नदीजवळ आहे आणि ते रत्नागिरीच्याच रेषेत आहे, ही गोष्ट आमच्याकडच्या मोठ्या माणसांनाही पचायला जड गेली. एखादा माणूस टिंबक्टूला गेला म्हणजे तो कुठेच गेला नाही, अशीच आमची आजवर समजूत होती. तिथे तावदेनीच्या खाणींतून मिठाच्या लाद्या उंटांच्या तांड्यांवर येत, साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक वाळवंट तुडवून. शिरोड्याची मिठागरे पाहिलेल्या मुक्ताला वाळवंटात मीठ हा शुद्ध थापेबाजीचा प्रकार वाटला. तिथे एके काळी सरोवर होते आणि ते आटले, हे समजावण्यात माझी एक आख्खी दुपार आणि सासूबाईंची एक परात खर्ची पडली. परातीत खारे पाणी घालून ती खळ्यात उन्हात ठेवली होती. दुपारी पापडही त्याच परातीत वाळायचे होते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पण खरा घोळ पुढेच होता. “रेषा एकच, तर पाऊस एकच का नाही?” असे मुक्ताने विचारले. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि टिंबक्टूत जेमतेम दोनशे. अक्षांश फक्त सूर्य किती वर येणार ते सांगतो, पावसाचा हिशेब वारे, समुद्र आणि डोंगर मिळून करतात, हे वाक्य मी पुस्तकातून पाठ केले होते, आणि त्याचा तिच्यावर पुस्तकातल्या वाक्याचा होतो तेवढाच परिणाम झाला. अखेर उपयोगी पडली ती जतची मावशी. सांगली जिल्ह्यातले जतही याच रेषेवर आहे, आमच्या घरापासून हवेतून मोजले तर दोनशे किलोमीटरांवर. आणि मावशी दर उन्हाळ्यात टँकरच्या कथा सांगते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढता चढता आपले बहुतेक पाणी आपल्याकडे आणि घाटमाथ्यावर ओततात, पलीकडे पोहोचतात ते जवळजवळ रिकामे. मुक्ताने थोडा विचार केला आणि मावशीला फोन लावून, “तुझं पाणी आमच्याकडे पडतं,” असे कळवले. मावशीने जे उत्तर दिले ते भूगोलाच्या वहीत लिहिण्याजोगे नव्हते.

केप व्हर्द बेटांवर आम्ही एका गोष्टीसाठी थांबलो. मॅगेलनच्या ताफ्यातले उरलेसुरले खलाशी १५२२ साली, पृथ्वीला पश्चिमेकडून वळसा घालून, या बेटांवर पोहोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीप्रमाणे बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. एवढा चोख हिशेब ठेवूनही एक दिवस गळाला होता. मुक्ताने ही गोष्ट फार शांतपणे ऐकून घेतली, आणि मला तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

अटलांटिकपलीकडचे पहिले बेट अँटिग्वा, आणि तिथे माझा वर्ग बळकावला गेला. व्हिव्ह रिचर्ड्‌सने १९८६ साली याच बेटावर इंग्लंडविरुद्ध ५६ चेंडूंत शतक ठोकले होते, हे सांगायला नवरा लॅपटॉप मिटून बाहेर आला, आणि त्या दिवशी भूगोल पुढे एक इंचही सरकला नाही. शेजारच्या माँटसेरातवर मात्र मुक्ताने ताबा परत मिळवला. तिथला ज्वालामुखी १९९५ साली जागा झाला, प्लिमथ हे शहर राखेखाली गेले, आणि तरीही कागदोपत्री राजधानी प्लिमथच आहे. माणसे नसलेली राजधानी! घोकलेल्या सगळ्या यादीत तिला ही एकच राजधानी आवडली.

मेक्सिकोत ओहाकाला पोहोचलो तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या. मिरची या भागातली, ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात इकडे आली, असे मुक्ताने जाहीर केले. “मग त्याच्या आधी आपले लोक माशाच्या आमटीत काय घालत होते?” हा सासूबाईंचा प्रश्न मला अपेक्षित होता, मिरी आणि आले, हे उत्तर मी तयार ठेवले होते. त्यावर त्यांनी झाकण लावता लावता, “म्हणूनच त्यांनी परकी मिरची लगेच घेतली,” असा निकाल दिला. इतिहासकारांनीही यापेक्षा वेगळे काही सिद्ध केले असेल असे मला वाटत नाही.

आकापुल्कोच्या बंदरातून निघालो आणि पानांचा नियम अंगावर आला. स्पॅनिश जहाजे १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे इथून मनिलाला जात. त्यांचे खलाशी धन्य होत. आकापुल्कोपासून फिलिपिन्सपर्यंत, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक पृथ्वी, या रेषेवर जवळजवळ काहीच नाही. मुक्ता रोज निष्ठेने पाने निळी करीत होती, घरातला निळा खडू संपला, निळी पेन्सिल संपली, शेवटी एका पानावर कपड्यांची नीळ आली. आणि एकशे ऐंशी रेखांश ओलांडल्यावर ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक वार गळतो, आपण सोमवारी ओलांडली, तेव्हा मंगळवार झालाच नाही, सबब मंगळवारचा अपूर्णांकांचा अभ्यास लागू नाही. पुरावा म्हणून तिने मॅगेलनचे खलाशी सादर केले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. विषयांची वाटणी त्यानेच केली होती, म्हणून मी मध्ये पडले नाही.

पुढचा प्रवास भरभर झाला. फिलिपिन्समधल्या बनावेची डोंगर कोरून केलेली भातशेती पाहून, एवढ्या उतारावर आपण नुसती नाचणी लावतो, असा शेरा हसनचाचांनी मारला. व्हिएतनाममध्ये १९५४ साली जिनिव्हातल्या करारानंतर देशाचे दोन भाग करणारी सीमा याच सतराव्या अक्षांशाजवळ, बेन हाय नदीवर आली होती. आपल्या रेषेचा कोणी असा उपयोग केला याचा मुक्ताला मनापासून राग आला, आणि १९७६ साली देश एक झाला हे वाचेपर्यंत तो टिकला. मग आले रंगून. थिबा राजवाडा ती अनेकदा पाहून आली होती, पण ब्रह्मदेशाच्या या थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी जिथे आणून ठेवले, आणि १९१६ साली तो जिथे वारला, ती रत्नागिरी आणि रंगून एकाच अक्षांशावर आहेत हे तिला आता दिसले. “म्हणजे त्याला नुसतं सरळ पश्चिमेला ढकललं!” राजा मूळचा मंडालेचा, आणि मंडाले बरेच उत्तरेला, ही दुरुस्ती मी केली, ती वहीत बारीक अक्षरात नोंदवली गेली.

राजमहेंद्रीला गोदावरी, मग हैदराबाद, मग जत (मावशी अजून रागावलेली), मग आंबा घाट उतरून आम्ही परसदारातून घरात आलो. सासूबाईंनी पोळीचा तुकडा ओवाळून टाकला, कारण इतका लांबचा प्रवास करून आलेल्या पोरीला दृष्ट लागते.

मुक्ताने आता त्र्याहत्तरावा रेखांश धरला आहे. उत्तरेला इस्लामाबाद आणि सैबेरियातले ओम्स्क येते, पण तिला दक्षिणेला जायचे आहे, कारण त्या टोकाला हर्ड बेटावर बर्फाने झाकलेला जिवंत ज्वालामुखी आणि पेंग्विन आहेत. मालदीवपर्यंतची जबाबदारी हसनचाचांनी घेतली आहे. चागोस बेटे सोडल्यावर मात्र हर्डपर्यंत पंचेचाळीसच्या आसपास अंश निव्वळ पाणी आहे, तेव्हा काल बाजारात गेले होते तेव्हा निळ्या खडूंचे खोकेच उचलून आणले, आणि सासूबाईंनी नीळ उचलून वरच्या फळीवर ठेवली.