भित्र्या कुत्र्याचा गळा धरू नका

‘भित्रा कुत्रा सात दिवसांत वाघ’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला आणि मी तिन्ही वेळा गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. यावल तालुक्यातल्या आमच्या आप्पांनी तो मनावर घेतला आणि केळीच्या राखणीला ठेवलेल्या मोतीवर करून पाहिला.

मोती दीड वर्षाचा, गावठी. ट्रॅक्टर सुरू झाला की ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यामागे जाऊन बसतो. केळीच्या बागेत रात्रीची बिबट्याची धास्ती, त्यामुळे आप्पांना धीट कुत्रं हवं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. चूक त्या मेसेजची आहे.

त्यातला तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. तो म्हणतो, ‘कुत्रा गुरगुरला की लगेच उताणा पाडा, गळा धरा, डोळ्यांत डोळे घाला. शांत झाला म्हणजे त्याने तुम्हाला मालक मानलं.’

आप्पांनी मोतीला दोरीने ओढत ट्रॅक्टरपाशी नेलं. तो गुरगुरला, तसं त्याला पाडलं. मोती खरंच शांत झाला. पण कसा? पाय ताठ, शेपटी पोटाशी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, पुन्हा पुन्हा ओठ चाटतोय, आणि तिथेच मातीत लघवी झालेली. आप्पांना वाटलं, जमलं. त्यांनी हात सैल सोडला आणि मोतीने त्यांचं मनगट दातांत धरलं. लगेच मला फोन, ‘आते काय करू भाऊ?’ मोठी आई जखमेवर तिखट लावायच्या बेतात होती. ते थांबवून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावला आणि लसीला पाठवलं.

त्या शांत पडण्यात मानणं वगैरे काही नसतं. सुटायची वाट उरली नाही की जीव असाच निपचित पडतो. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना, ‘मला भीती वाटतेय, लांब राहा.’ त्याबद्दल मार बसला तर भीती जात नाही, सूचना तेवढी बंद होते. मग पुढच्या वेळी थेट दात.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी विचारलं होतं, घरी काय काय केलंत आणि कुत्रा कसा वागला? २००९ साली ते छापून आलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांचा कुत्रा उलट अंगावर आला. उताणं पाडणाऱ्यांत ३१ टक्के, डोळे रोखून बघणाऱ्यांत ३० टक्के. ही आधीच अडचणीतली कुत्री होती, हे मान्य. पण हा मेसेज वाचून उपाय करणाऱ्यांच्या घरचं कुत्रंही तसलंच असतं ना?

‘लांडग्यांच्या कळपात असंच चालतं’ हेही मेसेजात आहे. ती समजूत १९४७ सालच्या, स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आली. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पसरली. पुढे रानातले लांडगे बघून डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ते पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागेही लागले होते.

‘फटाके किंवा डीजेजवळ बांधून ठेवा, सवय होते.’ होत नाही. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात आणि बांधल्यावर पळायची सोय नसते. लग्नसराईत दोरी तोडून गेलेली कुत्री कुठल्याही गावात विचारा.

‘घाबरल्यावर कुरवाळू नका, भीती वाढते.’ यात अर्धी गोष्ट खरी आहे. लपलेल्या कुत्र्याला ओढून काढून कुरवाळलं तर त्याचा जीव आणखी कासावीस होतो. पण तो आपणहून पायाशी आला तर खुशाल हात ठेवा. भीती हे नाटक नाही, मायेने ती वाढत नाही.

मेसेजात सांगितलेलं मिरची खाऊ घालणं आणि दोन दिवस उपाशी ठेवणं हा छळ आहे, त्यावर आणखी काही लिहीत नाही. ‘जेवण रोज ठरल्या वेळी, हुकमाचा शब्द सगळ्या घराचा एकच’ हे मात्र बरोबर आहे. पुढे काय होणार हे कळलं की भित्रं कुत्रं निवांत होतं. एवढं एक वाक्य ठेवून बाकी मेसेज पुसून टाकावा.

आम्ही आता काय करतोय ते सांगतो. आधी डॉक्टरांना दाखवलं, कारण कान किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रं बिचकतं. मग ट्रॅक्टर बंद ठेवून, मोती जिथे आरामात उभा राहतो तिथे, वीस पावलांवर, आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसतात आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे बाजूला टाकतात. हाक नाही, दोरी नाही. त्याने खाल्लं तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे; तोंड फिरवलं तर दोन पावलं मागे. त्यासोबत एक सोपा खेळ शिकवलाय. उघडा तळवा धरायचा, त्याने नाक लावलं की शाबासकी आणि तुकडा. पाच मिनिटं झाली की बंद. यायचं की नाही हे रोज तोच ठरवतो, म्हणून तो येतो. वेळ लागतो. सात दिवसांत काहीच झालं नव्हतं.

काल अकराव्या पावलावर त्याने आप्पांच्या पट्टी बांधलेल्या हाताला नाक लावलं. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. ते करू तेव्हा पुन्हा वीस पावलांपासून.