पिळ्ळै ‘एमडन’वर नव्हतेच

22 सप्टेंबर जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. 1914 मध्ये मद्रासवर तोफा डागणाऱ्या ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेवर क्रांतिकारक चेंपकरामन पिळ्ळै होते, हल्ला त्यांनीच घडवला, तो भारताच्या स्वातंत्र्यासाठी होता आणि त्यात एकही जीव गेला नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. यातला हल्ला तेवढा खरा.

पिळ्ळै जहाजावर असणं शक्यच नव्हतं. एमडनचं ठाणं चीनमधलं त्सिंगताओ. 31 जुलै 1914 ला त्याने ते बंदर सोडलं, ते कायमचंच. पिळ्ळै त्या उन्हाळ्यात झुरिचमध्ये होते. तिथून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या समितीत सामील झाले. हिंदी महासागरात लपतछपत फिरणाऱ्या जहाजावर ते चढणार कुठून आणि कसे? बर्लिनमधलं त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे, त्याला हे ठिगळ नको.

मद्रासचा बेत होता कप्तान कार्ल फॉन म्युलरचा. 1873 मध्ये हॅनोव्हरला जन्म, वडील सैन्यात कर्नल, स्वतः 1891 पासून आरमारात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नोकरीत असताना जडलेल्या मलेरियाने त्याला जन्मभर सोडलं नाही. एमडन त्याच्या हाती आलं 1913 मध्ये.

‘स्वातंत्र्यासाठी’ हा मुद्दा जरा नीट पाहायला हवा. हिंदी लोकांचं लक्ष वेधावं, इंग्रजांचा व्यापार विस्कटावा आणि त्यांचा दबदबा उतरावा, हा हेतू खुद्द म्युलरनेच सांगितला आहे. हे शत्रूला जेरीस आणण्याचं डावपेचाचं गणित झालं. भारताच्या मुक्तीचं वचन त्यात कुठेच नाही. त्याचं रोजचं काम होतं मालवाहू जहाजं पकडून बुडवण्याचं. 10 सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात त्याने ‘इंडस’ धरलं. कलकत्त्याहून मुंबईला निघालेलं हे जहाज सैनिक आणि घोडे नेण्यासाठी सजवलेलं होतं. त्यावर साबणाचा भरपूर साठा सापडला आणि साबण संपत आलेले एमडनचे खलाशी हरखून गेले. ‘कबिंगा’ मात्र त्याने सोडून दिलं: माल तटस्थ अमेरिकनांचा होता आणि कप्तानाची बायको व मूल जहाजावर होतं. पकडलेल्या खलाशांना त्याच जहाजातून परत पाठवलं. म्युलरचा मोठेपणा मला इथे दिसतो.

आणि जीव गेलेच. 22 सप्टेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मद्रासवर सव्वाशेच्या आसपास गोळे सुटले, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या आणि किमान पाच माणसं मेली. उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीवर एक गोळा आदळला; तिथे आजही पाटी आहे. महिन्याभराने मलायातल्या पेनांगला तर ब्रिटिश जहाजासारखं दिसावं म्हणून खोटं चौथं धुराडं उभारून एमडन बंदरात शिरलं आणि त्याने ‘झेमचुग’ ही रशियन युद्धनौका बुडवली. ऐंशीहून जास्त खलाशी गेले. ‘रक्त न सांडता’ हे शब्द या मोहिमेला लावणं म्हणजे त्या मेलेल्यांना पुसून टाकणं.

9 नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या युद्धनौकेने एमडनची चाळण केली, एकशे तीसहून अधिक माणसं गमावून म्युलर कैद झाला. आधी माल्टा, मग इंग्लंड. 1917 मध्ये त्याने भुयारातून पळण्याचा प्रयत्न केला, पकडला गेला, आणि 1918 मध्ये घरी परतला. आठवणींचं पुस्तक लिहायला मात्र त्याने नकार दिला. साथीदारांच्या रक्तावर पैसा कमावल्यासारखं वाटेल, हे त्याचं कारण. 1923 मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो ब्राउनश्वाइगला वारला.