कपाटाचं कुलूप काढा, मुलं वाचतात

मुलं मोबाईलमुळे इंग्रजी वाचत नाहीत, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. मी अमळनेर तालुक्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं, तरी नववीतली कितीतरी पोरं एक परिच्छेद अडखळत वाचतात, कारण गाईडपलीकडे हातात काही पडलेलंच नसतं. साने गुरुजी याच अमळनेरात वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे, आणि आमचं पुस्तकांचं कपाट वर्षानुवर्षं कुलपात!

गेल्या जूनमध्ये ते उघडलं. वर्गात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पातळ पातळ गोष्टींची पुस्तकं लटकवली. एक मुलगा मात्र घरून कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन आला. "सर, आठे काय लिखेल शे?" म्हणजे, इथे काय लिहिलंय? बोट 'जर्मिनेशन'वर. "उगवण," म्हटलं, तर चेहरा असा खुलला त्याचा! अख्खा तास त्या पाकिटावरच गेला. आता तो दोरीवरचं चौथं पुस्तक वाचतोय.

पुस्तकं फाटतील ही भीती सगळ्यांनाच असते. वर्षभरात तीन फाटली, मुलांनीच चिकटवली.