एका ‘यू’ची भाऊबंदकी

जागा माझी, पैसे न्यू जर्सीच्या आतेभावाचे आणि इंग्रजी भाऊकाकांचं. एवढ्या भांडवलावर हर्णैला होम-स्टे काढायचा म्हणजे भांडण ठरलेलंच. फक्त ते नफ्याच्या वाट्यावरून होईल, फार तर संडासाच्या टाकीवरून होईल, असा माझा अंदाज होता. झालं पाटीवरून.

मजकूर साधा होता. हार्बर व्ह्यू होम-स्टे, फ्लेवर्स ऑफ कोकण, ट्रॅव्हलर्स वेलकम. सगळा इंग्रजीत, कारण पाटी मराठी दिसली की मुंबई-पुण्याच्या मराठी माणसालाच आत गरम पाणी नसेल अशी शंका येते. काकांनी तो कागदावर लिहिला, मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि झोपलो. रात्री तिकडे दिवस. आतेभावाने हार्बरमधला यू काढला, फ्लेवर्समधला काढला आणि ट्रॅव्हलर्सच्या दोन एलांपैकी एक छाटून फोटो परत पाठवला, खाली हसरा चेहरा.

‘‘माझा यू कोणी काढलान?’’ सकाळी अंगणातून काका. बांधावरची पोफळ रातोरात तुटलेली दिसली की माणसाचा जो आवाज लागतो, तो आवाज.

काका तीस-पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. तालुक्यातल्या निम्म्या तलाठ्यांनी त्यांच्या हातचा मार खाऊन ‘कलर’मध्ये यू घालायला शिकलेलं आहे. सगळ्या पापाचा धनी अमेरिकेचा नोआ वेबस्टर, असं त्यांनी मला चहा पिता पिता समजावलं. देश स्वतंत्र झाला, आता स्पेलिंगही स्वतंत्र हवं, म्हणून या गृहस्थाने १८०६ साली एक छोटा शब्दकोश काढला आणि १८२८ साली दोन खंडांचा मोठा, आणि त्यांत कलर, ऑनर, हार्बर सगळ्यांचे यू खलास केले. ‘सेंटर’चं शेपूटही त्यानेच फिरवलं. जीभ या अर्थाचा ‘टंग’ नुसता टी-यू-एन-जी असा लिहावा अशीही त्याची इच्छा होती. ती अमेरिकनांनीही मनावर घेतली नाही.

‘‘म्हणजे जिभेत यू चालला मेल्याला!’’ काका म्हणाले. ‘‘फक्त ऑनरमध्ये नको!’’

हे मी जसंच्या तसं न्यू जर्सीला कळवलं. (कळवायला नको होतं, असं बायकोचं मत.) तिकडून उत्तर आलं, शेक्सपियरच्या १६२३ च्या छापील नाटकांत ऑनर यूसकट आणि यूशिवाय असा दोन्ही तऱ्हांनी आहे. काका जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘त्याला कुठे मॅट्रिकला बसायचं होतं?’’

आमच्या गच्चीतून सुवर्णदुर्ग दिसतो. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला, आणि त्याच महिन्यात तिकडे लंडनात डॉक्टर जॉन्सनचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. काकांचे सगळे यू या जॉन्सनच्या पदरातले. म्हणजे ज्या मुहूर्तावर इंग्रजांना स्पेलिंगची शिस्त लागली, त्याच मुहूर्तावर त्यांच्या हाती लागलेल्या सुवर्णदुर्गाचं त्यांनी ‘सेव्हर्नड्रूग’ करून ठेवलं. जेम्सच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर मनोरा बांधला, त्यालाही हेच नाव, आणि तो अजून उभा आहे. काकांना मी हे सांगितलं, तर ‘‘त्यांना ते उच्चारायला जड जायचं,’’ एवढंच म्हणाले. केवढी माया!

खुद्द आमच्या गावाचं घ्या. कुठे हर्णै, कुठे हर्णे, इंग्रजीत तर ज्याला जे सुचेल ते. त्यावरून गावात आजवर कोणी कोणाची कॉलर धरलेली नाही. १९६२ साली मराठीच्या नव्या नियमांनी ‘गांव’ आणि ‘नांव’ यांच्या डोक्यावरचे अनुस्वार उडवले तेव्हा काका शाळेत होते. हूं नाही की चूं नाही, दुसऱ्या दिवसापासून बिनटिंबाचं लिहायला लागले. आणि साहेबाच्या, उच्चारातही न येणाऱ्या यूसाठी मात्र यांचं उपोषण! (फक्त सकाळच्या नाश्त्यापुरतं. दुपारी सुरमई होती.)

मग काकूने मेनूची ओळ सुचवली, ‘वी स्पेशलाइज इन उकडीचे मोदक’. आतेभावाने स्पेशलाइजला झेड लावला, काकांनी एस. या वेळी काका उठले आणि खाकी कव्हर घातलेला आपला ऑक्सफर्डचा शब्दकोश घेऊन आले. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. बोट एका ठिकाणी थांबलं आणि तिथेच राहिलं. ऑक्सफर्डवाले पहिल्यापासून झेडच छापतात. काकांनी शब्दकोश मिटला आणि ‘‘मोदकांची ओळच नको, पावसाळ्यात नारळ महाग होतात,’’ असा निर्णय दिला.

शेवटी आम्ही दोघे दापोलीला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो चौरस फुटावर पैसे घेतो, अक्षरावर नाही, त्यामुळे यू त्याच्या दृष्टीने फुकट. काका सांगत गेले, पोरगा टाइप करत गेला, आणि हार्बर पुरा झाल्याबरोबर त्याखाली नागमोडी तांबडी रेघ उमटली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत तांबड्या रेघा ओढल्या, त्याच्या शब्दाखाली! काकांनी चष्मा पुसला. पोरगा म्हणाला, ‘‘सर, चुकलंय वाटतं.’’ पोरगा त्यांचाच विद्यार्थी होता. पुढचं सांगत नाही.

तडजोड मी केली, वाटणीच्या रिवाजाप्रमाणे. समुद्राकडची बाजू थोरल्याला, म्हणून हार्बरचा यू काकांचा. स्वयंपाकघराचे पैसे आतेभावाचे, म्हणून फ्लेवर्स बिनयूचे. ट्रॅव्हलर्सचा दुसरा एल सामाईक ठरला, तो ठेवला. टोरांटोच्या आतेबहिणीने पाटी पाहून लिहिलं की आमच्याकडे असंच चालतं, कलर इंग्रजांसारखा लिहायचा आणि गाडीचा टायर अमेरिकनांसारखा. तिचे पैसे यात नाहीत, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं, सदाशिव पेठेतलं. सामान खाली ठेवायच्या आधी गृहस्थ पाटीपुढे उभे. ‘‘अहो, हे वर ब्रिटिश आणि खाली अमेरिकन, असं कसं?’’

‘‘कॅनेडियन पद्धत,’’ मी म्हणालो.

‘‘अच्छा, अच्छा,’’ म्हणाले, आणि सोलकढी जेवणात धरलेली आहे की वेगळी, ते विचारलं.